खुर्चीचं मत

३ मार्च

आज घटना समितीने मला अध्यक्ष निवडलं. तेही एकमताने. सरकारी बाकांवरचे हात वर झाले ते समजू शकते, पण विरोधकांचे पुढारी दाढीवाले आणि त्यांची डोंगराळ जिल्ह्यांतली सगळी माणसंही हात वर करून चक्क हसत होती. तीस वर्षं मुलींची शाळा चालवली, त्याचं चीज झालं म्हणायचं. एवढे लोक मला ओळखत असतील असं वाटलं नव्हतं.

धाकधूक होती ती एकाच गोष्टीची. हंगामी सरकारचे प्रमुख म्हणजे माझे दीर, आणि मी त्यांच्याच घरात राहते. पण कोणी चकार शब्द काढला नाही.

मी लग्न होऊन आले तेव्हा भाऊजी आठ वर्षांचे होते. सासूबाईंची शिस्त अशी की दीर केवढाही असो, त्याला 'अहो'च म्हणायचं. त्यामुळे 'अहो भाऊजी, नाक पुसा' इथपासून आमचं बोलणं सुरू झालं आणि ते 'अहो' आजतागायत टिकून आहे. सासूबाई लवकर गेल्या. पोराचं पुढचं सगळं मीच केलं. ते मला 'वहिनी, तू' म्हणतात. आता सभागृहात 'अध्यक्षमहोदया, आपण' म्हणावं लागणार.

धाकटी, म्हणजे माझी जाऊ, दवाखान्यात परिचारिका आहे; तिची जीभ इंजेक्शनसारखी. जेवताना म्हणाली, "ताई, ह्यांना घंटा वाजवून गप्प बसवायचा हक्क तुम्हाला पहिल्याच दिवशी मिळाला. मला वीस वर्षांत नाही मिळाला." भाऊजी एवढे हसले की त्यांना ठसका लागला.

ह्यांनी हे बघायला हवं होतं. असो.

६ मार्च

जुन्या राज्यकर्त्यांचा दरबार हॉल रिकामा पडलाय. पण तिथे आपल्या माणसांना शिक्षा ठोठावल्या गेल्या. त्या छताखाली घटना लिहायची नाही, असं ठरलं. म्हणून आम्ही बंदरावरच्या जकातीच्या गोदामात बसतो. भिंतींना अजून तंबाखूचा आणि ओल्या तागाचा वास आहे. दुपारी ऊन चढलं की वरचा पत्रा ताडकन वाजतो आणि बोलणारा सभासद दचकून आपला मुद्दा विसरतो. काही जणांच्या बाबतीत हे देशाच्या हिताचंच आहे.

खुर्ची मात्र दरबार हॉलमधून आणली आहे. कुणा सहाफुटी साहेबासाठी केलेली असणार. मी बसले की पाय हवेत लोंबकळतात. अशा अवस्थेत माणसाने शिस्त कशी राखायची? सुताराने खाली एक फळी ठोकून दिली तेव्हा कुठे जीव जमिनीला लागला.

सेक्रेटरी जुन्या राजवटीपासूनचे आहेत. कोरडे गृहस्थ, उकाड्यातही गळ्याशी बटण. मी विचारलं, "अध्यक्षाने बोलायचं किती?" ते म्हणाले, "जेवढं कमी बोलता येईल तेवढं, बाई." तीस वर्षांची सवय मोडायची आहे.

१९ मार्च

 

भाषेच्या कलमावर चर्चा होती. प्रत्येकाला ठरावीक वेळ. दाढीवाल्यांची वेळ संपल्यावर मी घंटा वाजवली, ते कुरकुरत बसले. मग भाऊजी उठले. बोलतात छान, यात शंकाच नाही. वेळ संपली, मी घंटा वाजवली. ते बोलतच राहिले. पुन्हा वाजवली. त्यांनी माझ्याकडे न बघता हात नुसता हलवला. घरी धाकटीने 'जेवायला चला' म्हटल्यावर हलवतात तसा.

मला सभागृह दिसेनासं झालं. समोर फक्त तो हात. मी म्हणाले, "प्रमुखांची वेळ संपली आहे. त्यांनी खाली बसावं."

 भाऊजी वळले. त्यांच्या चेहऱ्यावर आधी आश्चर्य, मग राग, मग काहीतरी तिसरंच. मला नाव सांगता येणार नाही. सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे. पहारेकऱ्याचीसुद्धा. मग ते म्हणाले, "जशी अध्यक्षांची आज्ञा," आणि बसले.

एवढंच झालं. पण बाहेर पडताना सेक्रेटरी माझ्या बाजूने चालत होते आणि पहिल्यांदाच आपणहून बोलले. "बाई, मी बारा गव्हर्नर पाहिले. त्यांना बस म्हणणारं कोणी नव्हतं."

घरी आल्यावर भाऊजी म्हणाले, "वहिनी, एक वाक्य तरी पुरं करू द्यायचंस." मी म्हटलं, "तुमचं वाक्य पुरं व्हायला पुढची निवडणूक आली असती." धाकटीने पदर तोंडाला लावला.

८ एप्रिल

डोंगराकडचा रेल्वेचा पूल उडवला. एक पहारेकरी आणि दोन मजूर गेले. कोणी केलं ते कळत नाही. भाऊजी पहाटे तिकडे गेले ते दुसऱ्या दिवशी आले. कपड्यांना कोळशाचा वास. जेवले नाहीत.

१४ एप्रिल

नवं कलम आलं. राज्याला धोका आहे असं मंत्रिमंडळाला वाटलं, तर कोणालाही खटल्याविना, कोर्टापुढे न नेता, कितीही काळ डांबून ठेवता येईल.

भाऊजी बोलताना आज एकदाही आवाज चढला नाही. "पुलावर मेलेल्यांच्या बायका माझ्या कचेरीत येऊन बसतात," ते म्हणाले. "त्यांना काय सांगू? पुरावा गोळा करतोय, तोवर दुसरा पूल उडाला तरी धीर धरा?" मला ते खरं वाटलं. अजूनही वाटतं.

दाढीवाले उठले आणि म्हणाले, "आमच्या भागात पोलीस येतील तेव्हा धोका म्हणजे कोण, हे कोण ठरवणार? आमची भाषा? आमची दाढी?" आणि तेही खरं वाटलं. शाळेत बरं होतं. दोन मुली भांडल्या तर एकजण तरी नक्की खोटं बोलत असे.

२२ एप्रिल

उद्या मतदान. भाऊजींच्या पक्षातलेही काही फुटणार अशी कुजबुज आहे.

सकाळी मी चहा गाळत होते. भाऊजी स्वयंपाकघरात येऊन उभे राहिले. ते असे आले की काहीतरी हवं असतं, लहानपणापासून.

"वहिनी, उद्या मतं सारखी पडली तर..."

"भाऊजी," मी म्हटलं, "ही गोष्ट उंबऱ्याच्या आत नको."

"मी फक्त विचारतोय."

"मीही फक्त सांगतेय. साखर घ्या."

ते कप घेऊन गेले. साखर घ्यायची विसरले.

कचेरीत जाऊन सेक्रेटरींना विचारलं की मतं सारखी पडली तर अध्यक्षाने काय करायचं. ते म्हणाले, "दाखले दोन्हीकडचे आहेत. काही देशांत अध्यक्ष सरकारच्या बाजूने मत देतो. काही ठिकाणी आहे ते तसंच राहू देतो."

"आणि आपल्याकडे?"

"आपल्याकडे अजून काहीच नाही, बाई. तुम्ही कराल ते 'आपल्याकडे' होईल."

असलं उत्तर मुलीने परीक्षेत लिहिलं असतं तर मी पैकीच्या पैकी गुण दिले असते. स्वतःला मिळालं तेव्हा मात्र त्यांच्याकडून दाखल्यांचं पुस्तक मागून घेतलं.

२३ एप्रिल

मतं सारखी पडली. बाजूने एक्केचाळीस, विरुद्ध एक्केचाळीस. सेक्रेटरींनी दोनदा मोजली आणि चिठ्ठी माझ्यापुढे सरकवली.  

मी उभी राहिले. भाषण तयार केलं नव्हतं, जे तोंडाला आलं ते बोलले. सेक्रेटरींनी उतरवून घेतलंय, तसंच इथे लिहिते.

"या कलमावर सभागृहाचं मत बरोबर निम्मं-निम्मं आहे. निम्मं घर ज्याला नको म्हणतं, ते खुर्चीच्या एका मताने घरात येणार नाही. ज्यांना हे कलम हवं आहे त्यांनी समोरच्यांचं मन वळवावं आणि मग पुन्हा यावं. दार बंद नाही. आज मात्र खुर्चीचं मत विरुद्ध. कलम नामंजूर."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. दाढीवाले तोंड उघडं टाकून बघत होते. भाऊजींनी कागद गोळा केले, एकावर एक नीट रचले आणि बाहेर गेले.

मी ह्यांचा विचार करून मत दिलं असं कोणाला वाटेल. धाकटीने तर विचारलंच. ह्यांना जुन्या सरकारने नेलं, तेव्हा हुकमावर कारणाच्या जागी एक आडवी रेघ होती. मी विचारलं, ही रेघ म्हणजे काय? शिपाई म्हणाला, मला काय माहीत, बाई. पुढे ह्यांचा चष्मा आणि चपला तेवढ्या घरी आल्या. पण त्याचा याच्याशी काही संबंध नाही. मी नियमाचा विचार केला, बस.

२९ एप्रिल

घरात सगळे सभ्यपणे वागतात, फार वाईट. भाऊजी लवकर जातात, उशिरा येतात. आले की पुढच्या खोलीत ह्यांच्या टेबलापाशी बसून राहतात. रागावलेत. मी समोरून गेले की मान खाली घालतात. आज तर मी त्यांना त्या टेबलाच्या कडेवरून हात फिरवताना पाहिलं. धूळ बघत असतील. मी रोज पुसते ते टेबल.

धाकटीला म्हटलं, "मी शाळेच्या वसतिगृहात राहायला जाते. तुमच्या संसारात बिब्बा नको." ती म्हणाली, "ताई, तुम्ही गेलात तर मी पण येईन. मग बसू देत ह्यांना घटनेबरोबर."

२ मे

माझ्यावर अविश्वासाचा ठराव आला आहे. भाऊजींच्याच पक्षातल्या एका जाड गृहस्थांनी दिला. कारण लिहिलंय, 'पक्षपात'. हा शब्द वाचून मला इतकं लागलं की मी मधल्या सुट्टीत खाणंही तसंच परत आणलं.

पक्षाची बैठक भाऊजींच्या कचेरीत झाली. ते काय म्हणाले कोणाला माहीत नाही. दाढीवाल्यांची माणसं माझ्या बाजूने आहेत असं कळलं. पण तीही किती टिकतील?

कपाटातला माझा खण रिकामा केला. दोन पेनं, चष्म्याचं घर, खोकल्याच्या गोळ्या. दोन महिन्यांची अध्यक्षीण एका पिशवीत मावली.

५ मे

आज काय झालं ते क्रमाने लिहायचा प्रयत्न करते.

ठराव माझ्यावर, म्हणून मी खुर्चीवरून उतरले. उपाध्यक्ष वर बसले. मी शेवटच्या बाकावर. तिथून सभागृह वेगळंच दिसतं. सगळ्यांची मागून टकलं दिसतात.

जाड गृहस्थ बोलले. "ज्या घरचं मीठ खाल्लं, त्या घराशीच..." मला उठून सांगावंसं वाटलं की अहो, त्या घरात तीस वर्षं मीठ घालणारी मीच आहे. पण ज्याच्यावर ठराव असतो त्याने मध्ये बोलायचं नसतं. 

मग भाऊजी उठले. मी डोळे मिटून घेतले. माझं पोर मला काढून टाकताना मला बघायचं नव्हतं.

"त्या दिवशी अध्यक्षांनी मला हरवलं," ते म्हणाले. "माझं मत आहे की त्यांनी चूक केली. आजही आहे. पण ठराव त्यांच्या चुकीवर नाही, पक्षपातावर आहे. पक्षपात कोणाच्या बाजूने? माझ्या घरात राहून माझ्या विरुद्ध?"

कोणीतरी हसलं.

"आपल्याला हवं ते मत मिळालं नाही म्हणून खुर्ची मोडायची असेल, तर इथे या उकाड्यात बसून घटना कशाला लिहितोय? जुनेच साहेब काय वाईट होते? त्यांचं सगळं मनासारखं व्हायचं. एक दिवस मी समोरच्या बाकांवर बसलेला असेन. आपल्यातले बरेच असतील. त्या दिवशी मला असाच अध्यक्ष लागेल, जो सरकारच्या घरचं जेवतो आणि सरकारला खाली बसवतो. माझं मत ठरावाविरुद्ध. माझ्या पक्षातल्या कोणाला बाजूने द्यायचं असेल त्याने खुशाल द्यावं. मी त्याला काही विचारणार नाही."

जाड गृहस्थांनी ठराव मागे घेतला. मतदानच झालं नाही.

मी पुन्हा वर चढले. चढता चढता आवाज आला, बाकं सरकल्याचा. वळून बघते तर सगळं सभागृह उभं. आधी भाऊजी उभे राहिले होते, मग त्यांच्या मागचे, मग दाढीवाले, मग सगळेच. मी 'बसा' म्हणेपर्यंत कोणी बसेना, आणि मला तर 'बसा' म्हणताच येईना. गोदामात धूळ फार आहे, चष्मा दोनदा पुसावा लागला.

ह्यांचं नाव दिवसभरात कोणी काढलं नाही. भाऊजींनीही नाही. बरंच झालं.

संध्याकाळी ते स्वयंपाकघरात आले. "वहिनी, तुझा निर्णय चूक होता."

"असं तुम्हाला वाटतं."

"असं मला वाटतं. चहा आहे का?"

१९ मे

गंमत झाली. दाढीवाले आणि भाऊजी ते कलम नव्याने लिहायला बसले. कुठे? तर आमच्याच जेवणाच्या टेबलावर. बाहेर वार्ताहर पाठ सोडत नाहीत म्हणून. मसुद्याच्या भांडणात अध्यक्षाने असू नये, म्हणून मला माझ्याच घराबाहेर काढण्यात आलं. मी पायरीवर बसून मटार सोलले. आतून आवाज: "तीस दिवस!" "तीन!" "अहो, डोंगरातून कोर्टापर्यंत यायलाच चार लागतात!" "मग रस्ता बांधा!" धाकटी मधूनच बाहेर येऊन बाजारभाव सांगावा तशी सांगून जाई, "वीसवर आले. आता बारावर."

दहावर सौदा ठरला. धोक्याच्या काळात सरकार माणसाला धरू शकेल, पण दहा दिवसांच्या आत न्यायाधीशापुढे उभं करून कारण सांगावं लागेल. कारण पटलं नाही तर त्याच दिवशी सुटका.

जाताना दाढीवाले पायरीवर माझ्याशेजारी टेकले, मटारचे चार दाणे तोंडात टाकले. म्हणाले, "बाई, खरं सांगू? आम्ही तुम्हाला मत दिलं ते या भरवशावर, की तुम्ही दिराचीच री ओढाल आणि आम्हाला बोंब मारायला बरं पडेल. आणि तुमच्या दिरांच्या माणसांनी दिलं, तेही त्याच भरवशावर."

मी म्हटलं, "म्हणजे एकमत खरं होतं तर."

तोंडाने हसले, मन मात्र चरफडलं. मला वाटत होतं, शाळेचं नाव ऐकून... असो. दोघंही चुकले, हे काय कमी आहे?

२४ मे

कलम मंजूर. विरुद्ध एकही हात नाही. माझ्या मताची गरजच पडली नाही, आणि खुर्चीत बसून मला याहून मोठं सुख आठवत नाही.

१ जुलै

घटनेवर सह्या झाल्या. मी सगळ्यात शेवटी केली. माझी सही कायमच वाकडी येते. आज मोठ्या कागदावर मोठी वाकडी आली. शाळेतल्या मुलींनी बघितली तर म्हणतील, बाई, रेघेवर लिहा.

बंदरातल्या सगळ्या बोटींनी भोंगे वाजवले. सेक्रेटरींनी गळ्याचं बटण काढलं. आत गोरी मान होती. वर्षानुवर्षं ऊन न लागलेली.

१७ ऑगस्ट

दुपारी दारात एक बाई उभी. डोंगराकडची, बोलण्यावरून कळलं. "घंटावाल्या बाई तुम्हीच का?" मागे एक माणूस, टोपी हातात घेऊन, कुठे बघावं ते न कळून भिंतीकडे बघत होता.

तो दगडाच्या खाणीत सुरुंग लावतो. तिकडे पुन्हा स्फोट झाला तेव्हा त्याला पोलिसांनी उचललं, कारण सुरुंगाची दारू हाताळणारा तोच. नवव्या दिवशी, म्हणजे कालच, न्यायाधीशांपुढे नेलं. न्यायाधीश म्हणाले, खाणीत दारू असतेच. आणखी काय आहे? आणखी काही नव्हतं. त्याच दुपारी सोडलं. ती शहरात आलीच होती त्याला शोधायला, म्हणून दोघं विचारत विचारत इथवर आले. काम काही नव्हतं. तिला मला बघायचं होतं, एवढंच.

मी विचारलं, "जेवलात का?" तो 'हो' म्हणाला आणि ती 'नाही' म्हणाली. पानं घेतली.

नेमके भाऊजी जेवायला घरी आले. त्या माणसाने त्यांना ओळखलं आणि घास हातात घेऊन उठायला लागला.

"बसा, बसा. भरल्या ताटावरून उठू नये," भाऊजी म्हणाले आणि समोर बसले.

 मग तो म्हणाला, "तुमच्याच माणसांनी नेलं होतं मला."

"माहीत आहे."

"अजून मागे फिरतात."

"फिरणार. त्यांचा संशय गेलेला नाही. पुरावा सापडला तर पुन्हा नेतील," भाऊजी म्हणाले, "आणि पुन्हा न्यायाधीशांपुढे उभं करतील."

माणसाने विचार केला. "चालेल," तो म्हणाला.

भाऊजींनी त्याच्या ताटाकडे पाहिलं आणि वाडगा स्वतःच उचलून पुढे केला. तो चांगला जेवला. नऊ दिवसांची भूक होती. त्याची बायको मात्र खात नव्हती. तो खातोय ते बघत होती नुसती, जणू ताट तिच्यासाठी नव्हतंच. मी तिला 'जेव ग' म्हणणार होते, त्याऐवजी तांब्या उचलला. पाणी आणते म्हणून आत गेले आणि बराच वेळ आतच राहिले. कशाला ते मलाही सांगता यायचं नाही. धाकटी आली.  शेजारी उभी राहिली आणि माझ्या हातातला रिकामा तांब्या काढून घेतला.

बाहेर आले तेव्हा ती दोघं निघाली होती. भाऊजी दारापर्यंत गेले होते. तिने पायरीवर थांबून त्याच्या कोटाची मुडपलेली कॉलर सरळ केली, टोपी डोक्यावर बसवली, आणि तो तिच्याबरोबर घरी गेला.